मधल्या सहा बरण्या

१

कपाटाला कुलूप होतं, कुलूप शाबूत होतं, आणि आतल्या सहा बरण्या गेल्या होत्या.

लोणच्याच्या बरण्या असत्या तर मी पहिला संशय माझ्यावरच घेतला असता. पण या बरण्यांत स्पिरिट होतं आणि स्पिरिटात समुद्रकिनाऱ्याच्या वाळूतले जीव. खेकड्यांची पिल्लं, नखाएवढे शिंपले, किडे, आणि तांदळाच्या कणीएवढे उड्या मारणारे जीव, ज्यांना आम्ही विद्यार्थी असताना टुणटुणे म्हणायचो. असल्या वस्तू कोण चोरणार? भंगारवालाही नाक मुरडेल.

संगमनेरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचं म्युझियम म्हणून एक लांबट खोली आहे. दाराशी अजगर, मग वटवाघळं, मग दोन डोक्यांचं वासरू, आणि शेवटी खिडकीजवळ दत्तोपंत सरांचं कपाट. सरांनी दर जानेवारीत विद्यार्थ्यांना घेऊन कोकणातल्या एकाच किनाऱ्यावर जायचं, कारवण्याला. तिथे एकाच रेषेत वाळू खणायची, चाळायची आणि चाळणीत उरेल ते बरणीत भरायचं. एका वर्षाची एक बरणी. सर निवृत्त झाल्यावर आमच्याच वर्गातल्या सुचित्राने हा नेम पुढे चालवला. आता ती विभागप्रमुख आहे.

त्या शनिवारी आम्ही जमलो होतो ते बरण्या बांधायला. सोमवारी कारवण्यात जनसुनावणी होती. गावाच्या अर्ध्या किनाऱ्याला दगडी भिंत होऊन बरीच वर्षं झाली. आता उरलेल्या अर्ध्या किनाऱ्यालाही भिंत घालायची आणि वाळू यंत्राने साफ करायची, असा बेत होता. भिंतीने किनारा मेला हे दाखवणारा पुरावा सबंध महाराष्ट्रात एकच होता, आणि तो होता संगमनेरात, समुद्राचा वारासुद्धा न लागणाऱ्या गावात.

सुचित्राने कपाट उघडलं. पहिल्या वर्षीची बरणी जागेवर होती. तिच्यानंतर एकदम भिंत झाली त्या वर्षाची. मधल्या सहा बरण्यांच्या जागी लाकडावर सहा गोल डाग राहिले होते.

सर स्टुलावर बसले होते. ब्याऐंशीचं वय, हातात काठी, आणि हात असा थरथरणारा की काठीच त्यांना धरून होती म्हणायची. त्यांनी ते डाग पाहिले आणि हळूच म्हणाले, "सोमवारी मी काय दाखवू?"

माणसाने आयुष्यभर एकच काम करावं आणि ते दाखवायच्या दिवशीच त्याला भोक पडावं?

"सुहास, सुमैराला फोन लाव," सुचित्रा म्हणाली. "ती नेवाशाहून निघालीच असेल. लवकर ये म्हणावं."

२

सुमैराही आमच्याच वर्गातली. बीएस्सीनंतर तिने वकिली केली आणि गेली तीसेक वर्षं ती नेवाशाच्या कोर्टात फौजदारी खटले चालवते. साक्षीदार तिच्यापुढे आधी हसतात आणि मग घाम पुसतात. मी जामखेडच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे घाम पुसायची सवय मला आहे.

ती आली, अजगराला "कसा आहेस बाबा" म्हणाली आणि सरांच्या पाया पडली. मग कपाटासमोर उभी राहून बराच वेळ नुसती बघत बसली.

"किल्ली कुठे असते?"

"दारामागच्या खिळ्याला. तुला माहीत नाही होय?" मी म्हणालो.

"माहीत आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक बॅचला माहीत आहे. काल इथे कोण कोण होतं?"

काल सुचित्रा होती, तिच्या हाताखालचा तरुण प्राध्यापक अनिमेष होता, आणि संध्याकाळी फैयाज येऊन गेला होता.

फैयाजही आमचाच. आमच्या वर्गातला सगळ्यात द्वाड आणि सगळ्यात लाडका. पुढे तो ठेकेदार झाला, आणि कारवण्याच्या पहिल्या भिंतीला दगड पुरवला तो त्याने. नवीन भिंतीच्या ठेक्यासाठीही त्याचं नाव होतं.

"चोर सापडला की," अनिमेष पुटपुटला.

सुमैराचं तिकडे लक्ष नव्हतं. ती भिंतीवरचे फोटो बघत होती. दर सहलीचा एक ग्रुप फोटो काढून सर फ्रेम करून लावत. पहिल्या फोटोत आम्ही होतो.

तो फोटो बघून मला भरून आलं. खरं सांगतो, समुद्र पाहण्याआधी आम्हांला पाणी म्हणजे टँकर माहीत. पहाटे एसटी घाट उतरली, सुरूच्या झाडांतून आम्ही धावत सुटलो आणि पुढे ते दिसलं. फैयाज कपड्यांसकट आत गेला आणि तोंडात पाणी घेऊन ओरडला, "आरं, लई खारट हाय रं!" कोणी तरी खोटं सांगितलं असेल असं त्याला तोवर वाटत होतं. सरांनी आम्हांला ओरडायला तोंड उघडलं आणि स्वतःच धोतर खोचून पाण्यात शिरले. त्या तीन दिवसांत गावाने आम्हांला जेवू घातलं. आत्ताच्या सरपंचबाईंच्या सासूने भाकऱ्या थापल्या, आणि पैसे पुढे केले तर हात झटकून टाकला. मला तर वाटतं माझं आयुष्य दोन भागांत आहे, त्या सहलीच्या आधीचं आणि नंतरचं.

"सुहास, आपण कशात उभे आहोत रे?" सुमैराने विचारलं.

फोटोत आमचे पाय घोट्यापर्यंत काळ्या-तपकिरी शेवाळात होते. भरतीने आणून टाकलेलं, कुजकं शेवाळ.

"घाणीत," मी म्हणालो. "काय वास यायचा!"

ती पुढच्या फोटोंकडे वळली. एकेका फोटोसमोर थांबली. मग म्हणाली, "सुचित्रा, फैयाजला बोलाव. आणि सुहास, तू त्याला काही बोलू नकोस. तुझा चेहराच आधी बोलतो."

३

सरांना आम्ही सुचित्राच्या केबिनमध्ये विसावायला बसवलं. फैयाज आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. खोलीत कोणीच हात पुढे केला नाही तेव्हा त्याने पुडा अजगरापुढे ठेवला.

"सुचित्रानं फोनवर सांगितलं. आन तुमी समद्यांनी ठरवून टाकलं, व्हय?"

"काल संध्याकाळी इथे कशाला आला होतास?" सुमैराने विचारलं.

"सरांला भेटाया. सर घरी गेल्ते. मग बसलो हितं फोटो बघत."

"आणि कपाट?"

"उघडलं. खोटं का बोलू? आपली पयली बरनी बघायची हुती मला. ती बघितली, बंद केलं, किल्ली टांगली."

"बाकीच्या बरण्या होत्या तेव्हा?"

फैयाजने कपाळ चोळलं. "न्हाई बघा ध्यानात. म्या आपली तेवढीच बघितली."

मला राहवलं नाही. "फैयाज, भिंतीचा ठेका तुला पाहिजे होता की नाही?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. "पायजे हुता. धंदा हाय माझा. पन सुहास, तू बी? ज्या मानसानं मला समुद्र दावला त्याची बरनी चोरीन म्या?"

तो पायऱ्यांवर जाऊन बसला. मी त्याच्यामागे जायला निघालो तर सुमैराने माझा हात धरला.

"जाऊ दे. त्याने नाही चोरल्या."

"तो म्हणतो म्हणून?"

"नाही. चोराने पहिली बरणी ठेवली म्हणून."

एवढं बोलून ती अनिमेषला बोलावून आणायला गेली, आणि मी कपाटापुढे एकटा उभा राहून डोकं खाजवत बसलो.

४

अनिमेष हुशार आहे, थोडा तुसडा आहे, पण हुशार. सगळ्या बरण्यांतले बारीक जीव मोजायचं काम त्याने आणि सुचित्राने वाटून घेतलं होतं. सरांच्या काळात शिंपले आणि खेकडे मोजले गेले. टुणटुणे इतके बारीक की ते पुढे कधीतरी मोजू म्हणून बरणीतच राहिले होते.

"मी नव्या बरण्यांकडून सुरुवात केली, मागे मागे येत भिंतीच्या वर्षापर्यंत पोचलो," तो म्हणाला. "मॅडम जुन्याकडून पुढे येणार होत्या."

"आणि तुझ्या बरण्यांत टुणटुणे किती?"

"जवळजवळ नाहीतच. भिंत झाली त्या वर्षीही नाहीत. म्हणूनच तर पुरावा पक्का आहे. पहिली बरणी बघा, नुसती त्यांनीच भरलेली दिसते."

"मोजून झालं की झाकण कसं लावतोस?"

अनिमेषला प्रश्न विचित्र वाटला. "टेपने. चिकटपट्टी लावतो. सर व्हॅसलीन लावून दोरा बांधायचे, त्याला फार वेळ जातो."

मग सुचित्रा. आम्ही तिला कँटीनमध्ये चहासमोर बसवलं आणि सुमैराने विचारलं, "तू किती बरण्या मोजल्यास?"

"अजून सुरूच केलं नव्हतं," सुचित्रा म्हणाली. "परीक्षांची कामं. वेळ कुठे मिळतो?" चहाचा कप तिने उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"बघ ना," सुमैरा म्हणाली, "आपण दुसऱ्या वर्षी गेलो तेव्हाचं आठवतं? श्रमदान?"

"आठवतं की!" मीच बोललो. कशी विसरणार ती गोष्ट? आमची नगरकडची माणसं, फुकटचं खाल्लं तर आम्हांला पचत नाही. पहिल्या वर्षी गावाने पैसे घेतले नाहीत म्हणून दुसऱ्या वर्षी सर म्हणाले, आपण त्यांचा किनारा साफ करून देऊ. खराटे, घमेली, टोपल्या घेऊन आम्ही सगळी पोरं लागलो. ते कुजकं शेवाळ ओढून ढीग केले आणि खड्ड्यात पुरलं. गावाला इतकं आवडलं की गावाने दर आठवड्याला तसं करायचा नेमच धरला. पुढे त्यांना स्वच्छ गावाचं बक्षीस मिळालं, तेव्हा सत्कार सरांचा झाला. सर त्या दिवशी किती खूश होते! त्यांचा तसा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही.

सुचित्रा खिडकीबाहेर बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते आठवणीचं पाणी नव्हतं, एवढं माझ्यासारख्या ठोंब्यालाही कळलं.

५

सुमैरा आम्हां दोघांना म्युझियममध्ये घेऊन आली आणि तिने दार लोटलं.

"सुचित्रा, मी कोर्टात नाही, मैत्रीण म्हणून बोलते. भिंतवाल्यांच्या माणसाने चोरी केली असती तर त्याने कुठली बरणी नेली असती? पहिली. एकेकाळी हा किनारा जिवंत होता हे तीच सांगते. ती गेली की खेळ खलास. पण चोराने तीच ठेवली आणि मधल्या नेल्या. आता कपाट काय सांगतं? आधी भरलेली बरणी, मग भिंत, मग रिकाम्या बरण्या. म्हणजे सगळा दोष भिंतीचा. हा चोर सरांच्या बाजूचा आहे."

"मग फैयाज…" मी म्हणालो.

"फैयाजमध्ये तुला चोर का दिसला ते तुझं तू बघ," ती माझ्यावर खेकसली. मग तिने पहिली बरणी उचलली. "या झाकणाचा दोरा पांढरा आहे, व्हॅसलीन ताजं आहे. इतक्या वर्षांचा दोरा पिवळा पडायला हवा होता. म्हणजे ही नुकतीच कोणीतरी उघडली, बघितली आणि सरांच्या पद्धतीने बांधली. दोन वेढे, टोक आत. अनिमेष टेप लावतो. सरांचे हात कापतात, त्यांना गाठ बांधता येत नाही. सुहासला ती गाठ कधीच जमली नव्हती."

हे खरं होतं, पण बोलून दाखवायची गरज नव्हती.

"उरली एकच व्यक्ती, जिने मोजणी सुरूच केली नाही म्हणून सांगितलं."

सुचित्रा वासराच्या कपाटाला टेकली आणि रडायला लागली.

"मी पहिली मोजली," ती म्हणाली. "मग दुसरी. दुसरीत अर्धेसुद्धा नव्हते. तिसरीत मूठभर. चौथीपासून काहीच नाही. भिंत तर कितीतरी नंतरची. सुमैरा, टुणटुणे ते शेवाळच खातात, त्याच्याच खाली राहतात. ते आपण काढलं. आपण गावाला काढायला शिकवलं. आणि तेच काम सर सगळ्यात अभिमानाने सांगतात. कसं सांगू मी त्यांना? या वयात?"

"मला फोटोंवरून वाटलंच होतं," सुमैरा म्हणाली. "पहिल्या फोटोत शेवाळ, तिसऱ्यात वाळू अंगणासारखी झाडलेली, आणि मागे भिंत कुठेच नाही. बरण्या कुठे आहेत?"

"अजगराखालच्या कप्प्यात. चादरीत गुंडाळून. फोडणं काही माझ्याने झालं नाही."

"फोडल्या असत्यास तर मी तुला कधीच माफ केलं नसतं," दारातून आवाज आला.

दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. सर काठीवर भार देऊन उभे होते, आणि त्यांना आधार देऊन मागे फैयाज.

६

सर येऊन स्टुलावर बसले. मला वाटलं हा माणूस आता कोसळेल, आणि सुचित्रालाही तेच वाटलं असणार.

"बरण्या काढ," ते म्हणाले.

आम्ही सहाच्या सहा काढून टेबलावर मांडल्या. सरांनी एकेक उजेडाला धरली. हात थरथरत होते म्हणून फैयाजने खालून हात लावला. शेवटची ठेवल्यावर ते म्हणाले, "शिंपले मोजले, खेकडे मोजले. हे बारीक आहेत, नंतर बघू म्हणालो. सगळं इथेच लिहिलेलं होतं आणि मी बघितलं नाही."

"सर, तुम्हांला काय माहीत असणार होतं? तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं," सुचित्रा म्हणाली.

"तेव्हा नव्हतं. आता आहे. आता लपवलं तर ती चूक राहत नाही, सुचित्रा, लबाडी होते."

"सर, पण सोमवारी हे दाखवलं तर ते म्हणतील भिंत निर्दोष आहे," अनिमेष म्हणाला. तो कधी आत आला कोणाला कळलं नव्हतं.

"म्हणू देत. सगळ्या बरण्या बांधा."

सोमवारी पहाटे आम्ही फैयाजच्या गाडीतून निघालो. बरण्या गादीत ठेवल्या होत्या. घाटात सर खिडकीची काच खाली करून बसले, आणि खारा वारा लागला तसे डोळे मिटून हसले. मला पहिली एसटी आठवली आणि मी डोळे पुसले. वय वाढलं की रडायला निमित्त लागत नाही.

कारवण्यात शिरलो तर काय! भिंत नसलेला सबंध उत्तर किनारा सारवल्यासारखा स्वच्छ. खराट्यांच्या रेषा वाळूवर दिसत होत्या. शाळेची मुलं ओळीने उभी, आणि पुढे सरपंच सुनंदाताई मयेकर ओवाळणीचं ताट घेऊन. पहिल्या वर्षी ज्यांच्या घरी आम्ही जेवलो, त्यांची ही सून.

"सर, तुम्ही येणार म्हणून पोरं काल दिवसभर राबलीत हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकवलंत तसंच केलंय."

सरांनी त्या वाळूकडे पाहिलं. ओवाळून घेतलं. मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला.

सुनावणी शाळेच्या पटांगणात होती. अधिकारी, भिंतवाल्यांचे वकील, सगळं गाव. सरांनी बरण्या क्रमाने मांडायला लावल्या, आणि पहिल्यापासून सांगत गेले. दुसऱ्या बरणीपाशी थांबून ते गावाकडे वळले.

"हे मी केलं," ते म्हणाले. "शेवाळ म्हणजे घाण असं आम्हां कोरड्या मुलखातल्या माणसांना वाटलं. ती घाण नव्हती, या जिवांचं घर आणि अन्न होतं. यांना खायला येणारे पक्षीही गेले. तुम्ही आम्हांला जेवू घातलं, आणि मी तुमचा किनारा उपाशी मारला. मी तुमची माफी मागतो."

वकील उठले. "म्हणजे भिंतीचा काही दोष नाही, असं आपण मान्य करता?"

"नाही," सर म्हणाले. "माझी चूक सुधारता येते. उद्यापासून झाडू नका, शेवाळ पुन्हा येऊन पडेल. पण भिंतीपुढे बघा. तिथे भरतीचं पाणी दगडावर आपटतं, शेवाळ पडायला वाळूच उरली नाही. आम्ही घर मोडलं, तुम्ही जागाच घेतलीत. उरलेल्या अर्ध्यात तरी ती राहू द्या. आणि यंत्र आणाल तर माझीच चूक रोज कराल."

अधिकाऱ्यांनी सगळ्या बरण्या नोंदवून घेतल्या आणि निर्णय नंतर कळवू म्हणून सांगितलं. तसं ते नेहमीच सांगतात. पण फैयाज उठला आणि त्याने भर सभेत सांगितलं, "ह्या कामातनं माझं नाव काढा. म्या दगड देनार न्हाई." त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. सभा संपल्यावर मी त्याचा हात धरला, तेव्हा तो म्हणाला, "सोड रं, येड्या," आणि हात काही त्याने सोडवला नाही.

सुनंदाताई अजून ताट घेऊनच बसल्या होत्या. त्यांच्या सबंध गावाच्या अभिमानाची गोष्ट सरांनी चारचौघांत मोडली होती. त्या उठल्या, सरांसमोर आल्या, आणि आता काय ऐकावं लागतंय म्हणून सुचित्राने सरांचा दंड धरला.

"कालचं शेवाळ सुरूच्या बनात टाकलंय," त्या म्हणाल्या. "अजून ओलं असेल. परत नेऊन टाकलं तर चालेल का हो, सर?"

सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी मान डोलावली.

मग टोपल्या आल्या. सगळी शाळा, सुनंदाताई, सुचित्रा, अनिमेष, सुमैरा आपली वकिली साडी खोचून, सगळे शेवाळ वाहून भरतीच्या रेषेवर पसरत राहिलो. काय वास येत होता! सरांना आम्ही खुर्चीवर बसवलं होतं, पण ते थोड्याच वेळात उठले आणि मूठमूठ शेवाळ घेऊन हाताने पसरू लागले. कोणी अडवलं नाही.

काम संपल्यावर ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि वर्गात विचारत तसं त्यांनी विचारलं, "पुढच्या जानेवारीत वाळू चाळायला कोण कोण येणार?"

साठीला आलेले आम्ही सगळे, आणि आमच्यामागे ती सबंध शाळा, सगळ्यांनी हात वर केले. सर एकेकाकडे बोट करून मोजायला लागले.